कोपऱ्यापर्यंत

“चावी तुम्ही दिलीत, की त्यांनी घेतली?” वकीलबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“त्याने हात पुढे केला आणि मी दिली.”

“बाई, परत तेच! हे वाक्य विसरा. हे वाक्य आपल्याला बुडवणार आहे.”

ही वकीलबाई सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे गाडी शिकायला यायची. समोरून ट्रक आला की स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकायची. रिव्हर्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि दोन्ही वेळा दोष माझ्या गाडीच्या आरशांना दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. आता ती टेबलापलीकडे बसून माझी परीक्षा घेत होती आणि मी नापास होत होते.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “दारू पिऊन चालवणारा दोषी, ते तर झालंच. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं, आकडा आला, विषय संपला. पण कायदा तिथे थांबत नाही. तो मालकाला गाठतो. गाडी तुमच्या नावावर आहे. समोरचा प्यायलाय हे माहीत असून मालकाने गाडी दिली, तर मालकही दोषी. विमा कंपनी जखमी माणसाला देईल ते देईल आणि मग तुमच्या मागे लागेल. वर तुम्ही शिकवणाऱ्या. तुमचा शिकवण्याचा परवाना कायमचा जाईल. सगळं एकाच गोष्टीवर आहे. तुम्हाला माहीत होतं का?”

“मग मी काय म्हणू?”

“म्हणा, माहीत नव्हतं. जेवायला दहा माणसं होती, हे नीट बोलत होते, नीट चालत होते. आणि गाडीत तुम्ही मागे बसला होता.”

“अगं, काचा खाली केल्या तरी वास जात नव्हता.”

“तुम्हाला सर्दी झाली होती.”

“मला?”

“हो. त्या दिवशी. नाक बंद होतं तुमचं.” असं म्हणून तिने खरोखरच वहीत ‘सर्दी’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती. ती कोपऱ्याची गोष्ट.

त्याआधी माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं. गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला, की शेजारच्याने पाय दाबायचा आणि गाडी थांबवायची. एकोणीस वर्षं मी त्या सीटवर बसले. हजार-बाराशे माणसं माझ्या हाताखालून, खरं म्हणजे माझ्या पायाखालून गेली. गावात मला ‘ब्रेकबाई’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण ऐकू येतं. त्या एकोणीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे मी अभिमानाने सांगायची. आता सांगत नाही.

नवरा एका कंपनीचा माल विकायला गावोगाव फिरायचा. कंपनीची गाडी होती, गाडीची ऐट होती. फिरतीवर प्यायची सवय लागली आणि ती सवय कंपनीला कळली. नोकरी गेली, गाडी गेली. बोटाभोवती चावी गरगर फिरवायची लकब तेवढी राहिली. चावी नसली की तो किल्ल्यांची रिकामी कडीच फिरवत बसायचा. तेव्हा मी माझ्या शिकवणीची गाडी घेतली. माझ्या नावावर, माझ्या परवान्यावर. लोक त्याला विचारायचे, “काय, नवीन गाडी का?” आणि तो म्हणायचा, “हो, घेतली.” मी मध्ये बोलत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझ्या नणंदेकडे जेवण असायचं. तिचं घर एका गल्लीच्या टोकाला. जेवणाआधी गच्चीवर ग्लास निघायचे आणि दुपारी परत निघायच्या वेळी नवरा फाटकाशी माझ्यापुढे हात करायचा. “चावी.” फाटकात नणंद उभी, तिचा नवरा उभा, शेजारीपाजारी उभे. मी चावी द्यायची. तो बोटावर दोनदा फिरवायचा, मग चालवायला बसायचा. मी शेजारी, माझ्या नेहमीच्या सीटवर. पाय ब्रेकवर, हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू. गाडी निघायची. औषधांचं दुकान, इस्त्रीवाला, मग टेलरमास्तरांचं दुकान, मग कोपऱ्यावरची टपालपेटी. फाटकापासून मोजून दीडशे पावलं. टपालपेटीपाशी तो गाडी थांबवायचा. दोघं उतरायचो. तो बॉनेटच्या पुढून माझ्या बाजूला यायचा, मी त्याच्या बाजूला जायची. एकमेकांकडे बघायचं नाही. मग मोठा रस्ता लागायचा आणि गाडी मी चालवायची. कोपऱ्याआधी मी त्याला ‘अहो’ म्हणायची, कोपऱ्यानंतर ‘अरे’.

हे बारा वर्षं चाललं. कोणी ठरवलं नव्हतं, कधी त्यावर बोलणं झालं नव्हतं. आणि एक सांगते, कोपऱ्यावर उतरायला त्याने एकदाही वाद घातला नाही. आमच्या संसारात एवढी प्रामाणिक जागा दुसरी नव्हती.

मी हे त्याच्या मानासाठी करत होते, असं मला वाटायचं. आता इतकं सगळं झाल्यावर खोटं कशाला बोलू, मानाची फिकीर मलाही होती. दारुड्याची बायको म्हणून कुणी माझी कीव करावी, हे मला सहन झालं नसतं.

त्या रविवारी सासूबाईंना घरी आणायचं होतं. महिनाभर त्या लेकीकडे राहिल्या होत्या. मी मनात सगळी आखणी केली होती. सासूबाई मागे बसतील, बसल्या बसल्या पेंगतील, कोपऱ्यावर मी काहीतरी निमित्त काढीन. फाटकाशी आलो तर नणंद म्हणाली, “वहिनी, आईला पुढे बसू दे गं. तिचे गुडघे वाकत नाहीत. मागे कशी शिरेल ती?”

खरंच होतं ते. माझी गाडी लहान, मागचं दार चिंचोळं. मी पुढच्या दाराला हात लावून उभी राहिले. काय सांगणार होते? मला पुढेच बसायचंय? का? म्हाताऱ्या बाईला मागे कोंबून सुनेला पुढची सीट कशाला हवी? आज मी चालवते, असं म्हणता आलं असतं. एवढं साधं वाक्य. ते बारा वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, म्हणून तेव्हाही आलं नाही.

“चावी,” तो म्हणाला.

मी दिली. मागे बसले, मांडीवर सासूबाईंची पिशवी. मनात म्हटलं, दीडशे पावलं, होऊन होऊन काय होणार? आणि शिकणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी बजावून सांगते, की घराजवळ जास्त जपा, ओळखीच्या रस्त्यावरच माणूस बेसावध असतो.

इस्त्रीवाला मागे गेला. सासूबाई काहीतरी म्हणाल्या आणि त्यांचं ऐकायला नवऱ्याने मान वळवली. मानेबरोबर हात वळले. मला दिसलं. मी पाय दाबला. मागच्या सीटवर, पायाखालच्या रबरी चटईवर, जीव खाऊन दाबला. पुढे खरा ब्रेक सासूबाईंच्या चपलेखाली होता. त्यांना वाटलं, पाय टेकवायला सोय केलीय.

टेलरमास्तर दुकानाच्या पायरीवर बसून उजेडात एका फ्रॉकची शिवण उसवत होते. पुढचं चाक पायरीला भिडलं. मध्ये त्यांचा उजवा पाय होता.

मी दार उघडून धावले. माझ्या गाडीच्या सीटची कव्हरं याच माणसाने शिवली होती. ते भिंतीला टेकून बसले होते, ओठ पांढरे पडले होते, हातात फ्रॉक तसाच. माझ्याकडे बघून त्यांनी पहिलं काय विचारावं?

“बाई, आज तुम्ही मागे कशा?”

तेव्हा मला कळलं, की बारा वर्षं आम्हाला एक माणूस बघत होता.

त्यानंतरचे दिवस घरात कसे गेले ते विचारू नका. नवऱ्याचं एकच पालुपद, “मला काहीच आठवत नाही.” पोलिसांना तेच, आईला तेच, मला तेच. न आठवण्याचा एवढा उपयोग असतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्यासमोर चहा यायचा, डोक्याखाली उशी यायची, सासूबाई पाठीवरून हात फिरवायच्या. “पोराने किती मनाला लावून घेतलंय बघ.”

नणंद दुसऱ्याच दिवशी आली. आल्या आल्या म्हणाली, “वहिनी, गाडी तू चालवत होतीस असं सांग ना. तू तर पीत नाहीस. मग काय होणारंय तुला?”

“पोलिसांनी त्याला चालवायच्या सीटवरून उतरवलंय. त्याला नळीत फुंकायला लावलंय.”

“पण तू दिलीस कशाला त्याला गाडी?”

“तू फाटकात उभी होतीस. तू का नाही बोललीस?”

“मला काय माहीत तो किती प्यायला होता ते? बायको तू आहेस.” मग ती जरा मऊ झाली. नणंद वाईट नाही, भावावर जीव आहे तिचा. “असं बघ, दादा शुद्धीत नव्हता. तू होतीस ना?”

हे वाक्य पुढे मी बऱ्याच तोंडांतून ऐकलं. शेजारणीने म्हटलं, दूधवाल्याने म्हटलं. पहिल्यांदा चीड आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंच वाटलं. पण त्यानंतर झोप गेली, कारण मी काही संन्यासी नव्हते. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर दोष कुणाचा, हे मी एकोणीस वर्षं शिकवत आले होते. ज्याच्यापुढे दुसरा ब्रेक आहे त्याचा.

दवाखान्यात मी एकदाच गेले. मास्तरांच्या पायावर तारेचा पिंजरा ठेवून वरून चादर टाकली होती. पाय वाचला होता, घोट्यापासून खाली तो वळणार मात्र नव्हता. शिवणयंत्र पायाने चालतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“शिकवणी चालू आहे ना, बाई?” त्यांनीच विचारलं.

“चालू आहे.”

“मग ठीक. ती बंद नका पडू देऊ.”

मी माफी मागायला गेले होते. आणलेली फळं ठेवून परत आले.

सुनावणीचा दिवस उजाडला. खोली लहान होती, बाकं उंच होती, माझे पाय खाली नीट टेकत नव्हते. विमा कंपनीचा वकील तरतरीत, बोलायला गोड. दोन गोष्टी सिद्ध करायच्या म्हणून तो उभा होता. एक, मास्तर स्टूल टाकून रस्त्यातच बसले होते, म्हणजे चूक त्यांचीही. दोन, मालकिणीला सगळं माहीत होतं, म्हणजे पुढची वसुली तिच्याकडून.

मास्तर कुबड्या घेऊन उभे राहिले. वकिलाने स्टुलाचं विचारलं.

“स्टूल नाहीच माझ्याकडे, साहेब. पायरीवर बसतो मी. पायरी दुकानाची आहे, रस्त्याची नाही.”

“कुणी पाहिलं?”

“बाई होत्या ना गाडीत, त्यांनी पाहिलं.” आणि मास्तरांना तिथेच थांबायला काय हरकत होती? पण त्यांना वाटलं, आता बाईंचं काहीतरी भलं करावं. त्यांनी न्यायाधीशांकडे वळून हात जोडायला एक कुबडी भिंतीला टेकवली. “साहेब, एक विनंती करतो. बाईंना त्रास देऊ नका. फार सरळ बाई आहेत. त्यांचे मालक प्यायलेले असले, की ते गाडी फक्त माझ्या दुकानापर्यंत आणायचे. मग टपालपेटीपाशी दोघं उतरायचे, आणि पुढे बाई स्वतः चालवायच्या. बारा वर्षं बघतोय. प्यायलेल्या माणसाच्या हाती बाईंनी मोठ्या रस्त्यावर गाडी कधी दिली नाही. त्या दिवशी आजीबाई पुढे बसल्या म्हणून झालं सगळं.”

विमा कंपनीच्या वकिलाने पेन हळूच खाली ठेवलं. कडकडून भूक लागलेल्या माणसापुढे ताट यावं तसा त्याचा चेहरा झाला.

“म्हणजे ते प्यायलेले आहेत हे बाईंना दरवेळी माहीत असायचं?”

“माहीत नसेल कसं? बायको आहे,” मास्तर म्हणाले. खोलीत दोन-तीन माणसं हसली.

मी माझ्या वकीलबाईंकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते. समोरून ट्रक आला होता.

मग ती सावरली, माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, “बाई, सरळ नाही म्हणा. असं कधी झालंच नाही म्हणा. टेलर दुसऱ्याच कुणाला तरी बघत असेल. एक साक्षीदार आहे, आपण उडवू.”

मी उभी राहिले. विमा कंपनीच्या वकिलाला घाई नव्हती. “हे गृहस्थ म्हणतात ते खरं आहे, की ते खोटं बोलतायत?” त्याने विचारलं आणि चष्मा पुसत राहिला. मी हो म्हटलं तर मी सापडत होते. मी नाही म्हटलं तर मास्तर खोटे ठरत होते, आणि एका गोष्टीत खोटा ठरलेला माणूस पायरीवर बसला होता हे मग कोण मानणार? त्याचं दोन्हीकडून फावत होतं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, जणू म्हणत होते, काळजी करू नका, मी सांगितलंय सगळं. इतका राग आला मला त्या भल्या माणसाचा, की डोळ्यांत पाणी आलं. माझी शाळा माझ्या डोळ्यांसमोर होती, टपावरची पाटी, भिंतीवरचे खुणांचे तक्ते, सोमवारी सकाळी सातला येणारी नवीन मुलगी. एक ‘नाही’ म्हटलं की ते सगळं माझं राहत होतं.

“मास्तर खरं सांगतायत,” मी म्हणाले. “ते पायरीवरच बसले होते. स्टूल नव्हतं. आणि कोपऱ्याचंही खरं आहे.”

“चावी कोणी दिली?”

“मी.”

“पती प्यायलेले आहेत हे माहीत असताना?”

“हो.”

न्यायाधीश इतका वेळ कागद बघत होते. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “का दिलीत?”

एकोणीस वर्षं मी लोकांना का, कसं, केव्हा हे सांगत आले. त्या दिवशी मला एकच उत्तर सापडलं.

“चार माणसं बघत होती.”

लिहून घेणारा कारकून थबकला. “साहेब, हेच लिहू?” त्याने विचारलं. न्यायाधीश म्हणाले, “हेच लिहा.” सर्दीचं कुणी विचारलंच नाही.

निकाल लागला. नवऱ्याला दंड झाला, सहा महिने गाडी चालवायची बंदी, आणि व्यसन सोडवण्यासाठी उपचार घ्यावेत असा सल्ला. माझा शिकवण्याचा परवाना रद्द झाला, कायमचा. निकालात लिहिलं होतं, चालकाचं भान हरपलेलं होतं, मालकिणीचं भान पूर्ण शाबूत होतं. नणंद हेच तर म्हणाली होती. तिला उगीच अडाणी समजत होते मी.

मास्तरांना भरपाई मिळाली आणि ती माझ्याकडून वसूल झाली. त्यात गाडी गेली. घेणाऱ्याला साधी गाडी हवी होती, म्हणून मेकॅनिकने माझ्या बाजूचे पेडल खोलून काढले, राहिलेली भोकं रबराच्या बुचांनी बंद केली, आणि विचारलं, “मॅडम, यांचं काय करू?” मी पिशवीत घालून घरी आणले. पलंगाखाली आहेत. भंगारात घालवत नाही.

आता मी दुसऱ्याच्या शाळेत टेबलावर बसते आणि शिकायला येणाऱ्यांचे अर्ज भरून देते. शाळा माझ्याच एका विद्यार्थ्याची आहे. तो मला अजून मॅडम म्हणतो आणि उशीर झाला की घड्याळाकडे बघतो.

नवऱ्याने दोन महिने दारूला हात लावला नाही. सासूबाईंनी हे गावभर सांगितलं. बंदी संपली, त्याचा परवाना त्याला परत मिळाला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी म्हटलं नाही, मनात ठेवलं. मग एका रविवारी नणंदेने जेवायला बोलावलं. नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा. पुन्हा सासूबाई तिच्याकडे राहिलेल्या, पुन्हा त्यांना घरी आणायचं होतं. बसने गेलो. जेवणाआधी नणंदेचा नवरा म्हणाला, “एकच घ्या हो, एकाने काय होतंय?” आणि दोघं गच्चीवर गेले. एकाने खरंच काही होत नाही. म्हणून ते चार झाले.

निघताना नणंद म्हणाली, “आईला घेऊन बसने कुठे जाता? दादा, आमची गाडी ने. उद्या आणून दे.”

सगळे फाटकात आले. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. नवऱ्याने बहिणीपुढे हात केला. “चावी.”

तिने दिली. त्याने बोटावर फिरवली, एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा फिरवताना ती पडली आणि त्याने वाकून उचलली. वाकताना त्याचा तोल गेला, ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“अरे, तू प्यायलायस,” मी म्हणाले.

लोकांसमोर मी त्याला कधी ‘अरे’ म्हटलं नव्हतं. शेजारीण पदराशी चाळा करायची थांबली. नणंदेचा नवरा स्वतःच्या चपला बघू लागला.

“वहिनी!” नणंद म्हणाली. “चार माणसांत काय हे?”

“चारच असतात गं, दरवेळी. तेवढी पुरतात.” माझा आवाज चढला नव्हता, शिकणाऱ्याशी बोलावं तसा होता. “गाडी तुझ्या नावावर आहे. तो प्यायलाय, हे मी तुला सांगितलंय. म्हणजे आता तुला माहीत आहे. उद्या कुणी विचारलं तर सर्दी झाली होती म्हणू नकोस.”

नणंदेचा चेहरा उतरला. तिला कळलं, मला दिसलं की कळलं. तिने हात अर्धा पुढे केला. मग भावाकडे पाहिलं, शेजारणीकडे पाहिलं, आणि तो हात तिने स्वतःच्या केसांवरून फिरवला.

“दादा, हळू जा हं,” ती म्हणाली.

मला तिचा राग आला नाही. मी बारा वर्षं तेच केलं होतं.

मी गाडीत बसले नाही. गाडीच्या पुढे गेले आणि गल्लीच्या मधोमध चालू लागले. मागे इंजिन सुरू झालं. हॉर्न वाजला. मी बाजूला झाले नाही. सासूबाईंचा आवाज आला, “अगं, वेड लागलं का तुला?” औषधांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. मी माझ्या चालीने चालत होते आणि गाडी माझ्या मागून पहिल्या गिअरमध्ये, आचके देत येत होती. क्लच नीट सोडत नव्हता तो. कधीच सोडला नाही.

मास्तर आता डाव्या पायाने मशीन चालवतात. टाका जरा तिरका येतो, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतात. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पाय थांबवला.

टपालपेटी आली आणि गाडी थांबली. कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं. नवरा उतरला. दार तसंच उघडं ठेवून, बॉनेटच्या पुढून, माझ्याकडे न बघता, तो पलीकडच्या बाजूला गेला आणि दाराशी उभा राहिला. त्या सीटवर त्याची आई बसलेली होती, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

मी उघड्या दारातून आत वाकले. चावी काढली. सासूबाई म्हणाल्या, “बस ना गं आता, चालव.” मी पायरी चढून दुकानात गेले आणि चावी मास्तरांच्या टेबलावर, कात्रीच्या शेजारी ठेवली.

“बाई, मी काय करू हिचं?”

“नणंद येईल न्यायला. तिच्याशिवाय कुणाला देऊ नका.”

त्यांनी चावी बटणांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

बसथांबा मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. बस लवकर आली. खिडकीशी जागा मिळाली आणि बस वळताना तो कोपरा दिसला. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडंच होतं, आणि तो पलीकडच्या दाराला हात लावून, रस्त्याकडे पाठ करून, मी गाडीत बसायची वाट बघत उभा होता.